प्रकाशाचे वस्त्र आणि पडद्याची खोली

वस्त्रातच विद्युत्‌वाहक धागे, संवेदक आणि बारीक दिवे गुंफून गर्दीत माणसाला स्वतःपुरती जागा निर्माण करून देण्याचे प्रयोग पाश्चात्त्य देशांत गेली काही दशके चालू आहेत. अनूक विप्रेख्त या डच महिलेने तयार केलेल्या एका पोशाखाच्या खांद्यांवर कोळ्याच्या पायांसारखे अवयव आहेत; कोणी फार जवळ आले की ते बाहेर सरसावतात. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसाभोवतीच्या अदृश्य कुंपणाची मापे मांडली, त्यांत वैयक्तिक अंतर दीड ते चार फूट धरले आहे. सायंकाळच्या हार्बर गाडीतून कॉटन ग्रीनला उतरणाऱ्यास ही मापे विनोदी वाटतील. त्या डब्यात हा पोशाख घातला तर त्याचे पाय कधी मिटणारच नाहीत!

काळाचौकीला मात्र कापडाने जागा निर्माण करण्याची विद्या नवी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दोरीवर जुने लुगडे टाकले, की एका बाजूस नवे जोडपे आणि दुसऱ्या बाजूस सासू-सासरे व भावंडे, अशी दोन घरे होत. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. रात्रपाळी करून आलेला कामगार भर दिवसा तोंडावर पंचा ओढून झोपे, तेवढा पंचा हीच त्याची खोली. खरी अडचण दिव्याची होती. मुलाने अभ्यासासाठी दिवा लावला तर पहाटे पाळीवर जाणाऱ्या बापाची झोपमोड. म्हणून मुलगा गॅलरीत, नाही तर रस्त्यावरच्या दिव्याखाली. कापड आवाज अडवीत नाही, आणि उजेडही पुरता अडवीत नाही.

या नव्या विद्येत भारतीय धागाही आहे. अमेरिकेतील एम. आय. टी.च्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात कापडावर विद्युत्‌मंडले रचताना भारतातून गेलेले एक तलम रेशमी कापड वापरले. रेशमाच्या धाग्याभोवती तांब्याची अतिशय पातळ पट्टी गुंडाळून ते विणलेले असते, आणि त्या पट्टीतून वीज वाहते. पैठणीच्या जरीशी या धाग्याचे नाते उघड आहे. आता चांदीचा मुलामा दिलेले नायलॉन, पोलादाचे तंतू असे पर्याय आले आहेत. तरी घाम, घड्या आणि धुलाई हे या कापडाचे शत्रू कायम आहेत. मुंबईत तर ते बारमाही.

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी मानतात. शिकागोच्या एका संग्रहालयासाठी २००९ साली २४,००० दिव्यांचा झगा तयार झाला. अशा वस्तूंना प्रदर्शने आणि रंगमंच हीच बाजारपेठ. ज्याला एकांताची सर्वाधिक गरज, त्याच्या खिशात ती मागणी करण्याची ऐपत नसते. केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. घाटकोपरची वस्त्रसंशोधन संस्था आहे, माटुंग्याची व्ही. जे. टी. आय. आहे. फक्त वहीवर उजेड पाडणारी, बादलीत धुता येणारी, लुगड्याच्या किमतीत मिळणारी चादर हा विषय त्यांना हलका वाटू नये.

अशी चादर निघाली तरी ती घराची जागा घेईल, असे मात्र कोणी समजू नये. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकासास काढलेल्या गिरणीच्या जमिनीतील एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश गृहनिर्माणासाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणी कामगारांच्या घरांची ६,९२५ सदनिकांची सोडत २०१२ साली निघाली. घर २२५ चौरस फुटांचे. पाच माणसांचे कुटुंब धरल्यास माणशी ४५ चौरस फूट येतात; त्यातून ओटा, मोरी आणि कपाट यांची जागा अजून वजा करावयाची आहे.