पावशा नक्की काय म्हणतो?

मे महिना सरत आलाय. यवतमाळ काय, वणी काय, पांढरकवडा काय, सगळीकडे ऊन नुसतं मी म्हणतंय. थांबा थांबा! ऊन कधी 'मी' म्हणतं का? त्याला ना तोंड, ना जीभ. तरी घराघरातली आजी हे वाक्य बिनधास्त म्हणते आणि ऐकणाऱ्याला ते पटतंसुद्धा. उद्या पावसानं दडी मारली, पाठ फिरवली, असंही कानावर येईल. पावसाला कुठे असते पाठ? निर्जीव गोष्टीला असं माणसासारखं वागायला लावलं की मराठी व्याकरण त्याला चेतनगुणोक्ती म्हणतं. इंग्रजीच्या पेपरात 'फिगर्स ऑफ स्पीच' ओळखायला सांगतात ना, तिथे हीच बाई पर्सॉनिफिकेशन या नावानं बसलेली असते.

आता खरी गंमत ऐका. याच दिवसांत झाडाच्या शेंड्याकडून एक आवाज येतो. चढत चढत जातो, टिपेला पोचतो, थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा पावशा. शेतकरी म्हणतात, तो ओरडतोय 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा!' हिंदी बोलणाऱ्यांना त्याच आवाजात 'पी कहाँ' ऐकू येतं. इंग्रज इथे आले, उन्हानं हैराण झाले आणि त्यांना ऐकू आलं 'ब्रेन फिव्हर'! म्हणजे डोक्यात गेलेला ताप. त्यांनी पक्ष्याचं नावच ब्रेनफिव्हर बर्ड ठेवलं. पक्षी एक, आवाज एक, पण जे ज्याच्या मनात, ते त्याच्या कानात. जिथे कपाशीची पेरणी बहुतेक पावसाच्या भरवशावर होते, तिथल्या माणसाला 'पेर्ते व्हा' ऐकू यावं यात नवल नाही. पावशाला मात्र पेरणीशी काही देणंघेणं नाही. नर पावशा मादीला बोलावत असतो!

आवाजावरून शब्द घडवायचा, या युक्तीला इंग्रजीत ओनोमॅटोपीआ म्हणतात. नाव अवघड, काम सोपं. माशीचं 'बझ', सापाचं 'हिस'. आपल्याकडे तर याची खाणच आहे: टपटप, सळसळ, खळखळ, कराकरा.

पण शब्दाचा आवाज आणि वस्तूचं रूप यांचंही काही नातं असतं का? कागदावर दोन आकृत्या काढा. एक ढगासारखी गोलगोल, दुसरी काटेरी, टोकाटोकांची. एकीचं नाव बूबा, दुसरीचं किकी. कोणती कोण? मला खात्री आहे, तुमच्यातल्या बहुतेकांनी गोल आकृतीला बूबा म्हटलं. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 2001 साली या प्रयोगाबद्दल लिहिलं. 2022 साली 25 भाषांतल्या माणसांवरची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात दर 10 जणांपैकी सुमारे 7 जणांनी हीच निवड केली होती. 'बूबा' म्हणताना ओठ गोल होतात, 'किकी' म्हणताना जीभ टाळूला झटका देते. आरशासमोर म्हणून बघा.

अनुप्रास, म्हणजे इंग्रजीतलं अलिटरेशन, तुम्हाला पाठच आहे. मिकी माउस, डोनाल्ड डक! आणि हे घ्या आपलं: कळंबच्या काकांनी कोवळ्या काकड्या कराकरा कापल्या. पाच वेळा भरभर म्हणा.

उरलं रूपक, इंग्रजीत मेटाफर. मला विचाराल तर सगळ्यांत भारी हेच. सीतादहीची, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की 'पांढरं सोनं घरी आलं' असं म्हणतात. वणीकडच्या खाणीतला कोळसा म्हणजे 'काळं सोनं'. 'कापूस सोन्यासारखा आहे' म्हटलं असतं तर ती उपमा झाली असती, इंग्रजीतली सिमिली. रूपक 'सारखा' पुसून टाकतं आणि कापसालाच सोनं करतं. हे फक्त सजवणं आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना इंग्रजी वाक्यं ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ते 2012 साली प्रसिद्ध झालं. दिवस 'बॅड' गेला हे ऐकताना जे घडलं नाही, ते दिवस 'रफ', म्हणजे खरखरीत, गेला हे ऐकताना घडलं: हातानं खरखरीत-गुळगुळीत ओळखणारा मेंदूचा भाग जागा झाला. कुणी कशाला हातही लावला नव्हता!

अशा शब्दांचा साठा तुमच्या वऱ्हाडी बोलीत भरपूर आहे. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे कवी शंकर बडे याच बोलीत 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग रंगवायचे.

तेव्हा या सुट्टीत एक वही करा. आजी, बाबा, बाजारातले काका बोलताना असं काही म्हणाले की लगेच टिपून ठेवा आणि समोर लिहा, इंग्रजीच्या पेपरात हे कोणत्या नावानं येईल. वही भरली की आम्हाला नक्की पाठवा.