निकालानंतरची कुस्ती

२०२३ सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या कुस्तीक्षेत्रात एक चमत्कारिक योग घडून आला. संघटनांमधील दुफळीमुळे ‘महाराष्ट्र केसरी’ या एकाच किताबासाठी एकाच महिन्यात दोन ठिकाणी आखाडे मांडले गेले : एक पुण्याजवळ फुलगाव येथे आणि दुसरा धाराशिव शहरातील तुळजाभवानी क्रीडासंकुलात. त्या दुफळीचे समर्थन करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. एका किताबाला दोन धनी असणे त्या किताबाच्या इभ्रतीला शोभणारे नव्हेच. परंतु स्पर्धेत उतरणाऱ्या मनुष्याचे मन कसे असावे, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यास त्या दुफळीने अजाणता एक प्रयोगच सिद्ध करून दिला. १० नोव्हेंबर रोजी फुलगावी सिकंदर शेखने झोळी डावावर शिवराज राक्षे यास काही सेकंदांतच चीत केले. आणि त्याच राक्षेने २० नोव्हेंबर रोजी धाराशिवात हर्षवर्धन सदगीरला सहा विरुद्ध शून्य अशा गुणांनी हरवून गदा खांद्यावर घेतली.

दहा दिवसांत शरीर बदलत नाही. जोर, बैठका, खुराक आणि पहाटेची लढत यांनी जे कमावले असेल ते वर्षांच्या हिशेबाने कमावलेले असते, आणि त्यात दहा दिवसांची भर ती कितीशी पडणार? मग बदलण्याजोगे उरते ते मन. त्यातही राक्षे हा त्याच वर्षीच्या जानेवारीत गदा जिंकलेला मल्ल. अशा मल्लाने हजारो लोकांसमक्ष डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आस्मान पाहावे, यातील दाह दीर्घकाळ झुंजून पत्करलेल्या पराभवापेक्षा निराळा असतो, कारण आपण काय करू शकलो असतो हे दाखविण्याचीही संधी त्यात मिळालेली नसते. अशा वेळी सामान्य मनुष्य एक तर पंच, गादी आणि नशीब यांच्यावर फिर्याद दाखल करतो, नाही तर स्वतःलाच सर्वस्वी नालायक ठरवून मोकळा होतो. आणि हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोहोंतही हात कोठे दिला, भार कोणत्या पायावर होता आणि नजर कोठे गेली, या तीन साध्या प्रश्नांची तपासणी टळते.

आपल्याकडील जत्रेतल्या कुस्तीने अशा तपासणीची सवय लावली नाही, याला कारण आहे. तेथे यात्रा कमिटी जोड लावते, इनाम मुक्रर होते, आणि प्रतिपक्षी पसंत नसेल तर पैलवान हात मिळवण्यास नकारही देऊ शकतो. एकदा कुस्ती झाली की फेटा बांधून घ्यावा आणि गावाकडे परतावे. स्पर्धेचा दस्तुर याहून अगदी वेगळा. तेथे प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो, वेळ तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, एका गुणाने भवितव्य फिरते, आणि एका लढतीचा घाम वाळतो न वाळतो तोच दुसऱ्या लढतीसाठी नावाचा पुकारा होतो. म्हणून स्पर्धेच्या मल्लाला पराभवाइतकाच विजयही चटकन विसरता आला पाहिजे. पहिल्या कुस्तीतील टाळ्या कानात घेऊन दुसऱ्या कुस्तीला उतरणारा कित्येकदा पहिल्याच धडकेत सापडतो.

धाराशिवचा मुलूख कुस्तीच्या विद्येला नवखा नव्हे. आज लातूर जिल्हा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातच मोडत असे, आणि निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे त्या जुन्या जिल्ह्याचेच भूमिपुत्र. १९६९ साली त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली, पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिष्य घडविले. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार हे त्यांचे शिष्य. आणि काका पवारांच्या संकुलात राक्षे व सदगीर हे दोघेही घडले. म्हणजे धाराशिवच्या अंतिम कुस्तीत समोरासमोर उभे राहिलेले दोघे गुरुबंधूच होते! २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीतही असेच झाले होते. तेव्हा सदगीरपुढे लातूरचा शैलेश शेळके होता, तोही काका पवारांचाच पठ्ठ्या. तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या फरकाने जिंकताच सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. प्रतिस्पर्ध्याविषयी अंतःकरणात वैर धरल्यावाचून ईर्षा पेटत नाही, असे प्रतिपादन करणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी त्यांना हा प्रसंग सांगतो.

आमच्या तरुणांना मातीपेक्षा पडद्यावरची झुंज अधिक परिचयाची झाली आहे, तेव्हा स्थिर मनाचा तिच्यातलाही एक दाखला देतो. ‘फायटिंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत २००४ साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे ‘इव्हो’ स्पर्धेत जपानचा डायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची गाठ पडली. उमेहाराच्या पात्राची प्राणशक्ती इतकी क्षीण झाली होती की वार नुसता अडवला असता तरी खेळ संपला असता. बचावाचा एकच मार्ग होता, तो म्हणजे प्रत्येक वाराच्या नेमक्या क्षणी मागे न हटता नियंत्रणाचा दांडा प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने पुढे ढकलणे. वाँगने एका दमात केलेले पंधरा वार त्याने असे एकामागून एक परतविले आणि तो डाव जिंकला. त्या चित्रफितीची पारायणे जगभर होतात. मात्र ती लढत अंतिम नव्हती, आणि अंतिम लढतीत उमेहारा आपल्याच देशाच्या केंजी ओबाटाकडून हरला, ही गोष्ट फारच थोड्यांच्या स्मरणात असते. चपळ बोटे हे केवळ तारुण्याचे भांडवल, असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२३ सालच्या हांगचौ आशियाई स्पर्धेत या खेळाचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू या ४४ वर्षांच्या गृहस्थाने नेले.

आता राक्षेच्या कथेचा उत्तरार्ध. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी त्याला चीत ठरविले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असे त्याचे म्हणणे होते, आणि निर्णय वादग्रस्त होता यात संशय नाही. परंतु त्याने पंचाची कॉलर धरून लाथ मारली, आणि तीन वर्षांचे निलंबन पदरी पाडून घेतले. त्याच रात्री अंतिम कुस्ती अर्धवट सोडून गेलेल्या महेंद्र गायकवाडलाही तीच शिक्षा झाली. धाराशिवात दहा दिवसांचे शल्य गिळणारा आणि अहिल्यानगरात एक क्षणही न गिळू शकणारा मल्ल एकच. सबब, मनाचे स्थैर्य ही कायमची इनामी जमीन नव्हे. ते प्रत्येक कुस्तीला नव्याने कसावे लागते.

आंतरराष्ट्रीय नियमांत निर्णयावर हरकत घेण्याची तजवीज आहे, पण ती प्रशिक्षकाने घ्यायची असते, आणि चित्रफीत पाहून हरकत फेटाळली गेली तर प्रतिपक्षाला एक गुण बहाल होतो. म्हणजे निकाल पटला नाही तरी मल्लाच्या हाती उरतो तो केवळ संयम. तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील तालमींच्या वस्तादांना माझी विनंती इतकीच की, सरावात अधूनमधून मुद्दाम चुकीचा निकाल द्यावा, मुलाला प्रतिस्पर्ध्याशी आणि पंचाशी हात मिळवायला लावावा, आणि त्याच पावली पुढच्या जोडीला उभा करावा.