चिलिकेचे पाणी कोणाचे?

पाऊस ओसरून हवेत गारवा आला, की निसर्गदर्शनासाठी घराबाहेर पडणाऱ्या प्रवाशांची पावले ज्या स्थळांकडे वळतात, त्यांत ओडिशातील चिलिका सरोवराचे स्थान फार वरचे आहे. एका बाजूस पूर्व घाटाच्या निळसर टेकड्या, दुसऱ्या बाजूस वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यापलीकडे गर्जणारा बंगालचा उपसागर. या दोहोंच्या मध्ये पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांना स्पर्श करीत हा विशाल जलाशय पहुडला आहे. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे ९०० चौरस किलोमीटर असतो. पावसाळ्यात तो साडेअकराशेच्याही पुढे जातो. खारे आणि गोडे पाणी जेथे एकत्र नांदते, अशा आशियातील सरोवरांत हे सर्वांत मोठे गणले जाते.

हावडा-चेन्नई लोहमार्ग या सरोवराच्या पश्चिम तीराला बिलगून जातो. बालुगाव, खल्लिकोट, रंभा ही स्थानके मागे पडत असता डब्याच्या खिडकीतून बेटे दिसू लागतात आणि प्रवासी आपोआप उठून उभे राहतात. बारकुल, रंभा आणि सातपाडा येथून होड्या सुटतात. कोणी कालिजाईच्या बेटावर देवीच्या दर्शनास जातो. लग्नासाठी पैलतीरी निघालेली जाई नावाची नववधू वादळात बुडाली आणि तीच या पाण्याची रक्षणकर्ती देवता झाली, अशी कथा नावाडी सांगतात. मकर संक्रांतीला तेथे मोठी जत्रा भरते. कोणी सातपाड्याकडे इरावडी डॉल्फिनच्या शोधात जातो. कोणी नलबणाचे पक्षी पाहतो. सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटरचे हे बेट पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पुन्हा वर येते. उत्तरेकडून हिमालय ओलांडून आलेली बदके, पट्टकादंब, मालगुजा आणि रोहित पक्षी तेथे उतरतात. अलीकडच्या हिवाळी गणनांत साऱ्या सरोवरावर दहा लाखांहून अधिक पक्ष्यांची नोंद झाली आहे.

मराठी माणसाला या तीराची आणखी एक आठवण असावयास हवी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. सप्टेंबर १८०३ मध्ये गंजामहून निघालेले इंग्रजी सैन्य चिलिका आणि समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीवरून माणिकपाटण्यास आले आणि पुरीत शिरले. मराठ्यांची ओडिशातील सत्ता संपली, तिची वाट या वाळूतून गेलेली आहे.

तथापि आज आम्ही चिलिकेचा विषय हाती घेतला आहे, तो केवळ तिच्या सौंदर्यासाठी अथवा इतिहासासाठी नव्हे. चिलिका एकदा मरणाच्या दारी जाऊन परत आलेली आहे. महानदीच्या शाखा आपल्याबरोबर गाळ आणीत राहिल्या. समुद्राला जोडणारा प्रवाह लांबत आणि अरुंद होत गेला. भरतीचे पाणी आत येईना. खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी कमी झाली. १९८१ मध्ये रामसर कराराखाली नोंदल्या गेलेल्या भारतातील पहिल्या दोन पाणथळ जागांपैकी ही एक. पण १९९३ मध्ये तिचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीत चढले. पुढे शास्त्रज्ञांच्या अभ्यासानंतर सप्टेंबर २००० मध्ये वाळूची पट्टी कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्र आत आला, आणि त्याच्यामागोमाग मासळीही आली. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७०० टनांवर घसरलेले मासळीचे उत्पन्न २००१-०२ मध्ये बारा हजार टनांच्या घरात गेले. २००२ मध्ये धोक्याच्या यादीतून चिलिकेचे नाव वगळले गेले.

या आकड्यांच्या मागे माणसे आहेत, हे विसरून चालणार नाही. चिलिकेच्या काठी आणि बेटांवर पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्यांची शेकडो गावे आहेत. कोळंबीला परदेशी बाजारात सोन्याचा भाव येऊ लागला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी जाळे टाकले नव्हते अशांची दृष्टी या पाण्याकडे वळली. बांबू आणि जाळ्यांची कुंपणे घालून सामाईक पाण्याचे खाजगी तुकडे पाडले गेले. मोठ्या औद्योगिक कोळंबी प्रकल्पाविरुद्ध १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘चिलिका बचाव’चा घोष करीत मच्छीमार आणि विद्यार्थी रस्त्यावर आले आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेपासून एक हजार मीटरच्या आत कोळंबी-संवर्धनाचा उद्योग चालविण्यास मनाई केली. तरीही कुंपणे उठली नाहीत. मे १९९९ मध्ये सोराणा गावी पोलिसांच्या गोळीबारात चौघांना प्राणास मुकावे लागले. ज्या पाण्यावर आज आपण आनंदाने नौकाविहार करतो, त्याच्या काठी हे रक्त सांडलेले आहे.

पर्यटन हे या पाण्यावरील नवे कुंपण ठरणार काय, हा आमच्यापुढील खरा प्रश्न आहे. सातपाड्याला यंत्रचलित होड्यांचे तांडे डॉल्फिनांच्या मागे धावतात. साऱ्या चिलिकेत हे प्राणी दीडशेच्या आसपास आहेत. यंत्रांचा कर्कश आवाज आणि पाण्याखाली फिरणारी पाती यांच्यामध्ये त्यांनी जगावे तरी कसे? होडीवाल्याला दोष देणे सोपे आहे. परंतु डॉल्फिन अगदी जवळून दाखव, असा हट्ट धरणारा प्रवासी कोण असतो? तो तुमच्या-आमच्यासारखाच सुशिक्षित गृहस्थ असतो.

याला दुसरी वाट आहे आणि ती चिलिकेनेच दाखविली आहे. उत्तर तीरावरील मंगळाजोडी हे गाव एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. सुमारे २००० सालापासून तेथील शिकाऱ्यांनीच पक्षी-रक्षणाचे व्रत घेतले. आज तेच हात बांबूच्या काठीने होडी ढकलीत पाहुण्यांना दलदलीतून नेतात. यंत्राचा आवाज नसल्यामुळे पक्षी उडून जात नाहीत. पाहुण्याला पक्षी दिसतो, गावाला दोन घास मिळतात आणि पक्ष्याचा जीव वाचतो. तज्ज्ञांच्या जाड्या अहवालांपेक्षा हा धडा अधिक बोलका आहे.

गोमंतकीयांना तो समजावयास अवघड जाऊ नये. खारे पाणी केव्हा आत घ्यावे आणि केव्हा अडवावे, हे आमच्या पूर्वजांनी खाजनांच्या बांधांवर बसून, मानशीची दारे उघडीत-मिटीत शिकून घेतले होते. चिलिकेला नवे मुख देताना जे तत्त्व वापरले गेले, ते येथल्या गावकरीला ठाऊक होते. आमच्याकडे मांडवीत दिवाडी आहे, चोडण आहे, चोडणच्या खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. करमळीच्या तळ्यावर आजही हिवाळी पाहुणे उतरतात. कुडचड्याजवळील नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसरची मान्यता मिळाली. परंतु आमच्याही किनाऱ्यावर डॉल्फिनांच्या मागे होड्या धावतात आणि खाजनांचे बांध फुटूनही दुरुस्तीवाचून राहतात. चिलिकेला वाचविण्यास तीरावरची माणसे लढली. आमची तळी आणि नद्या वाचविण्याचे काम आम्ही केवळ सरकारी फलकांवर सोपवून मोकळे व्हायचे काय?

सहलीला अवश्य जावे. चिलिका डोळे भरून पाहावी. मात्र होडीत पाय ठेवताना या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे मनाशी ठरवून ठेवावे. नावाड्याला योग्य मोबदला द्यावा, डॉल्फिनच्या मागे धावण्याचा आग्रह धरू नये, बेटावर कचरा टाकू नये. या गोष्टी लहान आहेत. पण त्या पाळण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.