लढाई चालू असताना मतदान कशाला?



सीमेवर लढाई पेटली की पारावर कुणीतरी म्हणतंच, "देशावर संकट असताना निवडणूक कशाला?" ऐकायला ते बरं वाटतं. पण निवडणूक थांबली की काय होतं, हे आपल्या आजी-पणजीच्या काळात घडून गेलंय.

1937 साली मुंबई प्रांतात विधानसभेची निवडणूक झाली. मत सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. निवडून आलेल्यांना न विचारताच व्हाइसरॉयनं भारताला त्यात ओढलं, म्हणून खेरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. मग सगळा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. पुढची निवडणूक झाली ती थेट 1946 साली. मधल्या काळात महागाई वाढली, धान्य मिळेना, 1943 मध्ये मुंबईत रेशन लागलं. पण जाब विचारायला विधानसभाच भरत नव्हती.

आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथल्या सगळ्या सज्ञान बायांना विधानसभेसाठी मत मिळालं ते 1952 साली.

त्याच महायुद्धात अमेरिकेत मात्र 1942 आणि 1944 च्या निवडणुका ठरल्या वेळी झाल्या.

आपल्या राज्यघटनेत विधानसभेची मुदत पाच वर्षं आहे. देशात आणीबाणी जाहीर असेल तरच संसद ती वाढवू शकते, तीही एका वेळी फार तर एक वर्ष. आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांपुढे ती वाढ चालत नाही. 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली. तरी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींचं मतदान झालं.

आता कामाची गोष्ट. तुमचा मुलगा, मुलगी किंवा नवरा फौजेत असेल, तर ते आपल्या गावच्या मतदारसंघात 'सैनिक मतदार' म्हणून नाव लावू शकतात. अर्ज त्यांच्या युनिटमार्फत जातो आणि मत टपालानं येतं. फौजी नवऱ्याजवळ राहणाऱ्या बायकोलाही ही सोय आहे. गावात राहणारीनं मात्र नेहमीसारखं केंद्रावर जायचं.

पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या फौजी घरांना एवढंच विचारा, "यादीत नाव लागलंय का?" लागलं नसेल, तर आजच फोन करून कळवायला सांगा. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका.