पावलांची शाळा

मूल चालू लागले की त्याला नाचावेसे वाटते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. परंतु नाचावेसे वाटणे निराळे आणि नाच शिकणे निराळे. आपल्या तुये-पेडण्याच्या बाजूस नाच म्हटला की जत्रेतील दशावतारी काला डोळ्यांपुढे उभा राहतो. तेथे संकासुराची चाल कोणी पुस्तकातून शिकत नाही. वडीलधाऱ्यांची पावले पाहूनच मुलगा आपले पाऊल टाकतो. युरोपातील बॅले दिसावयास किती परका! तरीही तो असाच घराघरांतून पुढे आला आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली पॅरिस येथे नृत्याची राजसंस्था स्थापिली. बॅलेतील हालचालींची नावे आजही फ्रेंचच आहेत, ती त्या परंपरेमुळे. पुढे १८३२ साली मारी तालिओनी ही नर्तकी पायांच्या बोटांवर उभी राहून 'ला सिल्फीद' नाचली आणि पॅरिस थक्क झाले. ते नृत्य तिच्या पित्याने, फिलिपो तालिओनीने, बसविले होते. कन्येकडून रोज कित्येक तास मेहनत करवून घेणारा गुरूही तोच.

आपल्या मुंबईतही असे एक घर आहे. तुश्ना डल्लास यांनी १९६६ साली तेथे बॅलेची शाळा काढली, आणि त्यांची कन्या खुश्चेहर हिने आईची विद्या पुढे चालविली. मूल आधी भिंतीलगतचा दांडा धरून गुडघे वाकविते, पाच पदस्थिती घोटते. रंगमंच फार पुढे येतो.

येथेच आईबापांची कसोटी लागते. स्नेहसंमेलनात आपली मुलगी बोटांवर उभी राहिलेली पाहण्याची घाई कित्येकांना होते. परंतु कोवळ्या वयात पायाची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. म्हणून कित्येक वर्षांच्या तयारीनंतर, बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षानंतर, तेही घोट्यात बळ आले असेल तरच, जाणते शिक्षक ते कठीण पादत्राण मुलीच्या पायात घालू देतात. जो शिक्षक "अजून नाही" असे म्हणतो, तोच मुलाचा खरा हितकर्ता समजावा. शाळा घरची असली म्हणजे हा नकार अधिकच कठीण होतो, कारण तेथे पोटच्या मुलालाही तो द्यावा लागतो.

मुलांविषयीही एक शब्द. मुलग्याने बॅले शिकणे काहींना लाजिरवाणे वाटते. ज्या पेडण्यात पुरुषाने लुगडे नेसून राणीची भूमिका केली आणि गावाने रात्रभर जागून ती वाखाणली, तेथे ही लाज कशाला?

टाळ्या एका रात्रीच्या असतात. सरळ पाठ, स्थिर पाऊल आणि थांबण्याचे धैर्य जन्मभर पुरते. वाचकहो, मुलाला नृत्यशाळेत घालाल, तेव्हा ते रंगमंचावर केव्हा जाईल हे विचारू नका. शिक्षक त्याला थांबावयास शिकवितो काय, एवढेच पाहा.