वावराचा ड्रोन फोटो हलतो का? उडवण्याआधी हे वाचा



२०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेचं आणि गोदावरीचं पाणी वावरात शिरलं, तेव्हा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांकडून बऱ्याच जणांनी ड्रोनचे व्हिडिओ काढून घेतले. मोबाईलमध्ये असतील तर एकदा उघडून बघा. पाणी दिसतं, पण बांध कोणाचा, कपाशी कुठवर बुडाली, नाला कुठं फुटला हे कळत नाही. कॅमेरा एकतर पळतोय, नाहीतर थरथरतोय. वरातीत ते चालतं. नुकसान दाखवायचं तर ड्रोन एका जागी थांबला पाहिजे. (ड्रोनचा फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, हे आधीच सांगतो. तलाठी, कृषी सहायक येतील तेव्हा हाताशी पुरावा असावा, एवढाच त्याचा उपयोग.)

ड्रोन हवेत थांबतो कसा? जत्रेतलं रिमोटचं हेलिकॉप्टर आठवा. वर एकच मोठा पंखा, तो एकीकडे फिरला की धड उलटीकडे फिरू बघतं. म्हणून शेपटीला छोटा पंखा असतो. ते एका जागी धरणं म्हणजे भल्याभल्यांचा घाम निघायचा. ड्रोनला चार पंखे, दोन सरळ फिरणारे, दोन उलटे, त्यामुळे पीळ आपोआप मोडतो. आत जायरो नावाचा छोटा भाग असतो. ड्रोन जरा कलला की तो ओळखतो आणि लगेच त्या बाजूच्या पंख्याचा वेग बदलला जातो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. जागा धरण्याचं काम जीपीएसचं, दिशेचं काम होकायंत्राचं. कॅमेरा ज्या हलत्या दांडीवर बसवलेला असतो तिला गिंबल म्हणतात. ड्रोन वाऱ्याकडे झुकला तरी गिंबल कॅमेरा सपाट ठेवतो.

यातलं सगळ्यात जास्त फसवतं ते होकायंत्र. लोखंड जवळ असलं की त्याला दिशा कळत नाही. मग ड्रोन एका जागी थांबायचं सोडून गोल गोल फिरायला लागतो आणि घेर वाढत जातो. आपण उडवतो कुठून? ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून, बोअरच्या पेटीशेजारून, पत्र्याच्या शेडवरून, डीपीच्या बाजूनं! हे सोडा. मोकळ्या रानात सपाट जागी एखादं पोतं अंथरा आणि तिथून उडवा. स्क्रीनवर जीपीएस पक्कं झाल्याची आणि परत यायची जागा नोंदल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. मिनिट-दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

दुसरी गोष्ट पंख्याचं पातं. प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवा. कुठं अडकलं, चीर लागली, तर ते पातं काढून टाका. पातं एवढंसं तुटलेलं असलं तरी सगळा ड्रोन थरथरतो आणि व्हिडिओत बांध पाण्यासारखा लहरताना दिसतो. वाऱ्याला दोष देऊ नका, तो पात्याचा दोष आहे. सरळ आणि उलट्या पात्यांची अदलाबदल झाली तर ड्रोन उडतानाच उलटतो. गिंबलचं प्लास्टिकचं झाकण काढल्याशिवाय चालू करू नका.

आता वारा. खाली बांधावर पान हलत नसलं तरी साठ मीटरवर वारा चांगला असतो. पाटोदा, केज, मांजरसुंब्याकडच्या बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. सकाळी नऊच्या आसपास हवा बरी असते. उन्हाळ्यात दुपारी काळी जमीन तापून हवा वर उसळते, तेव्हा उडवू नका. येताना समोरून वारा लागला तर बॅटरी भराभर उतरते, म्हणून तीस टक्के राहिली की परत बोलवा.

पूर आला असेल तर एक गोष्ट खास लक्षात ठेवा. ड्रोनच्या पोटाखाली जमीन बघणारा छोटा कॅमेरा असतो. साचलेल्या पाण्यावर किंवा डोलणाऱ्या सोयाबीनवर तो गोंधळतो आणि ड्रोन सरकायला लागतो. तेव्हा पाण्यावर दहा मीटरच्या खाली आणू नका.

फोटो काढताना ड्रोन थांबवा, दोन सेकंद जाऊ द्या, मग बटण दाबा. का? ड्रोन सेकंदाला पाच मीटर पळतोय आणि शटर एका सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं उघडं आहे, तर तेवढ्यात तो पाच सेंटीमीटर पुढं जातो. साठ मीटरवरून लहान कॅमेऱ्यात एक ठिपका साधारण दोन सेंटीमीटर जागेचा असतो. म्हणजे झाड दोन-तीन ठिपके पुसलं जातं. शटर हजाराव्या भागावर नेलं तर ड्रोन अर्धाच सेंटीमीटर सरकतो. ढगाळ दिवशी उजेड कमी असतो, तेव्हा थांबूनच काढा.

वरून हद्द दिसत नाही, हेही ध्यानात घ्या. गावठाण मोजणीला ड्रोन आला तेव्हा आधी घरांच्या हद्दी चुन्यानं आखल्या होत्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत राज्यातला पहिला प्रयोग झाला तोही तसाच. तुम्ही बांधाच्या चारी कोपऱ्यांवर खताच्या पांढऱ्या गोण्या पसरा. पाणी असेल तर बांबूला लाल कापड बांधा. पहिला फोटो उंचावरून पूर्ण गटाचा घ्या, त्यात रस्ता, विहीर किंवा ओळखीचं झाड आलं पाहिजे. मग जवळचे.

नियमांचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते आणि पैसे घेऊन तो उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी मागा. नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूला वनविभागाच्या परवानगीशिवाय नको. सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी सांगा. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यात गावोगावी रात्रीच्या ड्रोनची भीती पसरली होती, लोक अजून विसरलेले नाहीत. लहान लेकरांना पात्यापासून लांब ठेवा, बोट कापतं.

ड्रोनवाला ठरवला असेल तर हा मेसेज त्याला पुढं पाठवा. फोटो नीट आला की नाही हे बघायचं असेल तर याच नंबरवर टाका. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर व्हॉट्सॲप त्याचा बारकावा कमी करतं.