पोथी वाचा, आणि स्वतःलाही वाचा

आमच्या गावच्या रात्रीच्या वर्गात एके दिवशी एक गृहस्थ उठून उभे राहिले. वय माझ्याएवढेच, म्हणजे साठीच्या पुढचे. जन्मभर शेती केलेला माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? आता अक्षरं जुळवता येत्यात. घरात वडिलांच्या वक्ताची पोथी हाय. फडक्यात बांधलेली. दसऱ्याला तिची पूजा करतो. ती मला वाचता येईल का? का ती शिकलेल्या लोकांनीच वाचायची?"

त्या दिवशी मी एवढेच म्हणालो, "वाचता येईल. तुमच्यासाठीच ती लिहिली आहे." पण प्रश्न मोठा होता. त्याचे पुरते उत्तर आज देतो.

आत्मशोध म्हणजे काय?

काही पुस्तके माहिती देतात. खत किती घालावे, अर्ज कसा करावा, हे ती सांगतात. अशी पुस्तके हवीतच. काही पुस्तके मात्र आपल्याला आपल्याविषयीच विचारतात. मी कोण? मला राग का येतो? मी कशाला भितो? जगावे कसे? या विचाराला तत्त्वज्ञान म्हणतात. आणि स्वतःकडे नीट पाहण्याला आत्मशोध म्हणतात. शब्द जड आहेत, पण गोष्ट रोजची आहे.

आपल्याला आपले रान ठाऊक असते. कुठे पाणी साचते, कुठे हरळी माजते, हे आपण डोळे मिटून सांगू. आपला बैल कधी बुजतो, तेही ठाऊक असते. पण आपले मन कधी बुजते, हे कितीजणांना सांगता येईल? दोन भावांत हातभर बांधावरून भांडण लागते. दहा वर्षे बोलणे बंद राहते. विचारले तर प्रत्येकजण म्हणतो, "चूक त्याची." आपल्या मनात काय चालले आहे, हे कोणीच पाहत नाही. ते पाहायला ही पुस्तके शिकवतात.

ही पुस्तके कोणासाठी लिहिली?

पुष्कळांना वाटते, असले ग्रंथ पंडितांसाठी आहेत. आपल्या मराठीचा इतिहास उलटे सांगतो.

गीता संस्कृतात आहे. तिचे ७०० श्लोक. संस्कृत येणारे लोक थोडे. मग ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. तीच ज्ञानेश्वरी. शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवासे येथे ती पुरी झाली. ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले. सुमारे ९,००० ओव्या झाल्या. सर्वांना कळावे म्हणूनच हा खटाटोप केला. त्यात दृष्टांत आहेत ते पाण्याचे, दिव्याचे, आईचे, बियाण्याचे. म्हणजे तुमच्या आमच्या घरातलेच.

आपल्याच काळाजवळची गोष्ट घ्या. विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हते. तिला कळेल अशी गीता मराठीत हवी होती. आई १९१८ साली गेली. पण विनोबांनी ती गोष्ट मनात धरली आणि पुढे 'गीताई' लिहिली. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे दर रविवारी ते गीतेच्या एका अध्यायावर बोलत. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. ऐकायला तुरुंगातले सोबती. साने गुरुजीही तेथेच होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' वाचायला मिळतात.

आता एका बाईची गोष्ट ऐका. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. वेरूळजवळ देवगाव हे त्यांचे जन्मगाव. तुकाराम महाराजांना त्यांनी मनाने गुरू मानले. नवऱ्याला ते पटले नाही. आपण वेद जाणणारे ब्राह्मण, आणि बायको तुकोबांना गुरू करते, याचा त्याला राग आला. त्याने तिला मारहाण केली. बहिणाबाईंनी हे सारे आपल्या अभंगांत सांगितले आहे. मार सांगितला, मनाची तगमग सांगितली, आणि मन शांत कसे झाले तेही सांगितले. तीनशे वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःची कहाणी एवढ्या उघडपणे सांगावी, ही लहान गोष्ट नव्हे. मायबहिणींनो, ते अभंग तुम्ही जरूर मिळवून वाचा.

ज्यांच्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, त्यांनी तो ग्रंथ वाचावा. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिला. त्यांच्या मागे १९५७ साली तो प्रथम इंग्रजीत छापून निघाला. आता तो मराठीतही मिळतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही बुद्धाची शिकवण त्यात आहे.

मार्ग वेगवेगळे असतील. पण माणसाने आधी आपल्या मनाकडे पाहावे, हे सगळेच सांगतात.

वाचायचे कसे?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगायला मला सोपी नाही.

मी तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकवले. घरी रोज सकाळी दासबोध वाचत असे. दासबोधाचे वीस दशक, एका दशकाचे दहा समास, म्हणजे एकूण दोनशे समास. समास म्हणजे प्रकरण. रोज दोन समास वाचून शंभर दिवसांत ग्रंथ संपवायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. किती पारायणे झाली याचा मला अभिमान होता. चारचौघांत मी तो आकडा सांगतही असे.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत. स्वतःची स्तुती स्वतः करतो तो मूर्ख. दोघे भांडत असता सोडवायचे टाकून मौज पाहत उभा राहतो तो मूर्ख. अशी पुष्कळ. मी ती वाचायचो आणि गावातली माणसे मला आठवायची. हे लक्षण अमक्याचे, ते तमक्याचे. हसूही यायचे.

त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे आहेत. पढतमूर्ख म्हणजे शिकलेला मूर्ख. पुष्कळ वाचलेले असते, ज्ञानाच्या गोष्टी नीट सांगता येतात, पण अंगी गर्व असतो. आपल्याला कळते म्हणून सगळ्यांना नावे ठेवतो. ज्याच्या त्याच्यात उणे पाहतो.

निवृत्त झाल्यावर एके सकाळी तो समास वाचत होतो. त्या दिवशी प्रथमच मला दुसरे कोणी आठवले नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. एक शेतकरी मुलाच्या फीची सवलत मागायला शाळेत आला होता. अर्जावर सही कर म्हटले, तर त्याने अंगठा पुढे केला. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "बाप अंगठाबहाद्दर, मग पोरगा काय दिवे लावणार!" मुले हसली. त्याचा मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. मीही चौकशी केली नाही.

मंडळी, तेव्हाही मी रोज दासबोध वाचतच होतो.

त्या सकाळी पोथी बांधून ठेवली आणि त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. "माझे चुकले," एवढेच म्हणालो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तवा लई लागलं व्हतं, गुरुजी. पोराला तर लईच लागलं. आता आलाय तर बसा. च्या घ्या." मुलगा शहरात हमाली करतो. त्याची शाळा मला परत देता येत नाही. पण त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "रात्रीच्या वर्गाला या. मी शिकवतो." ते आले. वर्गात पोथीचा प्रश्न विचारणारे गृहस्थ हेच.

म्हणून सांगतो, असली पुस्तके वाचताना तीन गोष्टी पाळा.

एक. थोडे वाचा. पाच ओळी पुरेत. भाकरी घाईने गिळली तर पचत नाही. वाचलेलेही तसेच.

दोन. मोठ्याने वाचा, आणि घरातल्या कोणाला तरी ऐकवा. अडलेला शब्द विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता मान डोलावणे हे खोटे.

तीन. वाचून झाले की एकच प्रश्न स्वतःला विचारा. "हे माझ्याविषयी आहे का?" शेजाऱ्याविषयी आहे का, असे विचारू नका. मी वीस वर्षे तेच केले.

लिहायचे कसे?

वाचण्याइतकेच लिहिणे महत्त्वाचे. मनातला विचार धुरासारखा असतो. तो कागदावर उतरला की डोळ्यांनी पाहता येतो.

जळगावजवळच्या असोदे गावच्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला ऐकून ठाऊक असतील. या आधी सांगितलेल्या संत बहिणाबाई नव्हेत. या शेतकरीण होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचीत. मन कसे असते, संसार कसा असतो, जन्म-मरण काय, हे त्यांनी साध्या बोलीत सांगितले. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातली काही गाणी लिहून ठेवली होती. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. जी गाणी कोणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबर गेली. तुम्हाला आता लिहिता येते. तुमचे विचार तरी हरवू देऊ नका.

एक वही करा. मुलाची उरलेली वही चालेल. रोज रात्री तारीख घाला आणि दोन-तीन ओळी लिहा. आज मी कशाने रागावलो? आज मी कोणाला दुखावले? आज कोणते काम मनापासून केले? एवढेच. कवितेसारखे सुंदर लिहायला जाऊ नका. खरे लिहा. शुद्धलेखन चुकले तर चुकू द्या. जे खोटे लिहाल ते मात्र उपयोगाचे नाही. कारण ही वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही.

अक्षराविषयीही एक सांगतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लिहावे कसे, हेसुद्धा सांगितले आहे. अक्षर वाटोळे, मोकळे असावे. ओळी सरळ असाव्यात. पहिले अक्षर जसे, तसेच शेवटपर्यंत असावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी आपलेच लिहिणे आपल्याला वाचता येत नाही. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथात शाई आणि समासाची गोष्ट आहे, याचे मला मोठे नवल वाटते.

दोन गोष्टींपासून सावध राहा

कोणी म्हणेल, "हे पुस्तक विकत घ्या, संकट टळेल." त्याच्या नादी लागू नका. पुस्तकाने आजार बरा होत नाही, त्याला दवाखाना आहे. पुस्तकाने कर्ज फिटत नाही. पुस्तक मन निवळ करते, आणि निवळ मनाने माणूस ठीक निर्णय घेतो. एवढे पुष्कळ आहे.

दुसरे असे की, ज्ञान झाले असे वाटले की माणूस दुसऱ्याला उपदेश करू लागतो. तसे झाले तर पढतमूर्खाचा समास पुन्हा काढून वाचावा. मी अजून अधूनमधून वाचतो.

आता शेवटचे सांगतो. त्या गृहस्थांनी आपल्या पोथीचे फडके सोडले. बोट ठेवून ते वाचतात. एका ओळीला कधी कधी दहा मिनिटे लागतात. परवा त्यांनी मला वहीतली एक ओळ वाचून दाखवली. वही कोणाला दाखवायची नाही, असे मीच सांगितले होते. पण त्यांनी दाखवली. ओळ अशी होती: "आज पोराला फोन केला. तुजा अंगठाबहाद्दर बाप आता वाचतो मनून सांगितलं. तो लई येळ बोलला."

त्यात दोन-तीन चुका होत्या. मी लाल शाईला हात लावला नाही.

तुमच्याही घरात फडक्यात बांधलेले एखादे पुस्तक असेल. आज रात्री ते सोडा. पाच ओळी वाचा. मग वही घ्या, तारीख घाला, आणि एक खरी ओळ लिहा.